न झोपणारी गाडी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी दुधाच्या पिकअपला दोरीने बांधलेली पांढरी टोयोटा यार्डात आली. स्टिअरिंगवर गाथोनी बाई होत्या. त्यांनी काच खाली केली, पण माकोखाला काही विचारायची गरज नव्हती. सहा आठवड्यांत बॅटरी उतरण्याची ही तिसरी खेप होती.

"रात्री रेडिओ चालू राहिला असेल, बाई," तो म्हणाला.

"माकोखा, मी तीस वर्षं पोरांकडून कारणं ऐकतेय. तुम्ही तरी मला कारण सांगू नका."

"कारण नाही. शंका."

"शंका असेल तर तपासा. किल्ली मी स्वतः काढली, दिवे मी स्वतः बघितले, दारं दोनदा ओढून बघितली. सकाळी सेल मारला तर नुसती टकटक."

पिकअपवाल्याने दोरी सोडून गुंडाळली. "बाई, ही विका आणि गाढव घ्या. गाढवाला बॅटरी लागत नाही."

"तुला चौथीत पास केलं तेच चुकलं माझं," बाई म्हणाल्या. तो हसत निघून गेला. बाई हसल्या नाहीत.

माकोखाचं यार्ड केनियातल्या नाकुरूच्या बसस्टँडमागे होतं. त्याचा मुख्य धंदा मटाटूंचा, म्हणजे खासगी प्रवासी मिनीबसमध्ये स्पीकर बसवण्याचा. ज्या मटाटूतलं गाणं छातीत वाजत नाही तिच्यात कॉलेजची पोरं चढत नाहीत, म्हणून मालक आधी टायर टाळतात आणि स्पीकर घेतात. गाथोनी बाईंचं काम निराळं होतं. त्या न्जोरोच्या पलीकडे एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या गायनाच्या चमूने यंदा जिल्हा जिंकला होता. मुलांची तालीम फोनवर रेकॉर्ड करून त्या घरासमोर उभ्या गाडीत बसून ऐकत, कारण तेवढी शांत जागा त्यांना दुसरी नव्हती. "मला धडधड नको," त्यांनी सांगितलं होतं. "दुसऱ्या रांगेतली पोरं वेगळी ऐकू आली पाहिजेत." माकोखाने दारांत चांगले स्पीकर बसवले, मागच्या सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर ठेवला आणि वर्षाची हमी दिली. असं काम वर्षातून एखादंच येई.

"गाडी कधी हवी?"

"परवा सकाळी नऊला जमीन कोर्टात तारीख आहे. मागच्या तारखेला हिने सकाळी सातला मान टाकली. मी पोचले पावणेदहाला. पुकारा सव्वानऊला झालेला. न्यायाधीशांनी लिहिलंय, साक्षीदार पुन्हा गैरहजर राहिला तर दावा काढून टाकू." बाईंनी मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे हातभर लांबीचा राखाडी प्लास्टिकचा पाइप होता, दोन्ही टोकांना टोपणं. "शाळेच्या मैदानाचा मूळ नकाशा. एवढा एकच उरलाय."

मैदानाची गोष्ट नाकुरूत सगळ्यांना माहीत होती. सुट्टीत पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, सुट्टी संपल्यावर पोरं खेळायला गेली तर आत जमीन बळकावणाऱ्यांचे रखवालदार उभे. पहिला साक्षीदार शाळेचा म्हातारा शिपाई होता. जानेवारीत बसस्टँडवर त्याच्या हातातली पिशवी हिसकावली गेली, नकाशाच्या नकलेसकट. तेव्हापासून बाई बसने जात नव्हत्या.

"आज दुपारपर्यंत देतो," माकोखा म्हणाला. "पण गडबड करायची नाही."

माकोखा गडबड करत नसे. त्याने डाव्या पुढच्या दाराची काच खाली ठेवली, सगळी दारं लावली आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढून मध्ये मीटर जोडला. स्पीकरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीने लिहिलं: १०.०५, निगेटिव्ह काढला. गाडी बंद केली तरी तिच्या आतलं सगळं लगेच बंद होत नाही. घड्याळ, कुलूप, रेडिओची आठवण, एकेक करून निजतात. अर्धा तास कोणी दार उघडायचं नाही, टेकायचंसुद्धा नाही. त्यानंतरचा आकडा खरा.

बाई स्टुलावर बसल्या. चहा आला. पलीकडच्या शेडमध्ये माकोखाचा मेहुणा शिकुकू एका मटाटूत आठ स्पीकर बसवत होता आणि मधूनमधून ते वाजवून बघत होता. पत्रा थरथरे, मग शांत होई.

दहा पस्तीसला मीटरवर १.१४ अँपिअर होतं.

"हे जास्त आहे?" बाईंनी विचारलं.

"निजलेल्या गाडीला याच्या विसाव्या हिश्शाइतकं पुरतं. ही निजलेलीच नाही."

त्याने अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज उपटला. आकडा धाडकन खाली आला. माकोखाचे कान तापले. म्हणजे अ‍ॅम्प रात्रभर जागा राहत होता, आणि अ‍ॅम्प त्याने बसवलेला होता. "तुम्ही रेडिओ चालू ठेवला नव्हता," तो म्हणाला. यापलीकडे माफी मागायची त्याला सवय नव्हती. बाईंनी मान हलवली. वर्गात पोराने उशिरा का होईना बरोबर उत्तर दिलं की हलवतात तशी.

तेवढ्यात आकडा उडाला. ०.०५ वरून ०.१९, दोन सेकंद, आणि परत खाली.

माकोखाने घड्याळ पाहिलं. बरोबर दोन मिनिटांनी तो पुन्हा उडाला. अजून दोन मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅम्पचा फ्यूज हातात होता, तेव्हा हे अ‍ॅम्पचं काम नव्हतं. गाडीत दुसरं काहीतरी होतं आणि ते ठरावीक वेळाने श्वास घेत होतं.

दहा पन्नासला त्याने रेडिओ बाहेर ओढला. अ‍ॅम्पला जागं करणारी निळी वायर त्याने रेडिओला जोडली होती, म्हणजे रेडिओ बंद झाला की अ‍ॅम्पही बंद. आता ती कायम चालू असणाऱ्या पिवळ्या वायरशी एकाच जोडात गुंडाळलेली होती. त्या जोडातून तिसरी, बारीक वायर निघून डॅशबोर्डच्या पोटात गेली होती. तो जोड माकोखाने बोटांत धरला. टेप अर्ध्यावर अर्धा चढवत आणलेला, आणि शेवटचं टोक आत दुमडलेलं, पुढच्या माणसाला सोडवताना नख लावता यावं म्हणून. ही त्याची स्वतःची पद्धत होती. क्षणभर त्याला वाटलं, हे आपणच केलं आणि विसरलो. मग त्याने वेढे पाहिले. ते डावीकडून उजवीकडे गेले होते. त्याची पद्धत त्याने एकाच माणसाला शिकवली होती, आणि तो माणूस डावखुरा होता.

बारीक वायरीच्या शेवटी काडेपेटीएवढी काळी डबी होती. असल्या डब्या यार्डात दर आठवड्याला दोन-तीन बसत. मटाटूच्या मालकाला ड्रायव्हर कुठे हिंडतो ते कळायला हवं असतं, दूधवाल्याला गाडी कुठे उभी राहते ते. त्यात नवल नव्हतं. नवल या डबीतून निघालेल्या आणखी एका वायरीचं होतं. ती काचेच्या खांबामागून वर गेली होती, आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा माइक होता.

बाई वाकून बघत होत्या. "काय आहे ते?"

माकोखाने ओठांवर बोट ठेवलं. मग तो मोठ्याने, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "जोड सैल होता, बाई. करून देतो. तोवर जरा तिकडं सावलीत बसा."

बाईंनी मागचं दार हळू उघडलं, पाइप उचलला आणि त्याच्या मागोमाग शेडमध्ये आल्या. माकोखाने शिकुकूला हाताने खूण केली: वाढव.

"कधी नव्हे ते!" शिकुकू ओरडला आणि त्याने बटण फिरवलं. मटाटूचे आठही स्पीकर एकदम बोलायला लागले. बाईंच्या चष्म्याच्या काचा थरथरल्या. माकोखाने मेहुण्याचं मनगट धरून त्याला जवळ ओढलं आणि कानाला तोंड लावलं.

"बाईंच्या गाडीत डबी तू बसवलीस?"

"हो! ट्रॅकर आहे दाजी, बाँब नाही."

"कोणी सांगितलं?"

"मालकानं."

"मालकीण ही उभी आहे."

शिकुकूने बाईंकडे पाहिलं. मग गाडीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. त्याला जायला जागा सापडेना.

"तुम्ही स्पीकर आणायला नैरोबीला गेला होतात तेव्हा," तो म्हणाला. "एक माणूस आला. राखाडी कोट, पुढचा दात अर्धा तुटलेला. शाळेच्या समितीचा म्हणाला. गाडी शाळेची आहे, बाईंचा ड्रायव्हर पेट्रोल चोरतो म्हणाला."

"मला ड्रायव्हर नाही," बाई म्हणाल्या.

"बाईंचं नाव माहीत, गाडीचा नंबर माहीत, गाडी कधी न्यायला येणार तेही माहीत. मी काय चौकशी करणार? डबी त्याचीच होती, सिमकार्ड त्याचंच. गाडीतल्या माणसाला कळू द्यायचं नाही म्हणाला. आता दाजी, ते आपण कधी कळू देतो का? तुम्हीच शिकवलंय, ट्रॅकर ज्याच्यावर लावतात त्याला सांगायचा नसतो."

ते खरं होतं. माकोखानेच शिकवलं होतं.

"माइकची वायर बघितली नाहीस?"

"बघितली. हल्ली सगळ्यांना असते. मटाटूवाले ऐकतात ना, कंडक्टर किती तिकिटं सांगतो आणि किती देतो." त्याने तोंड पुसलं. "पिवळी वायर सापडत नव्हती. घाईत निळीसकट जोडली वाटतं."

"वाटतं म्हणजे जोडलीसच. म्हणून बॅटरी मरत होती. नाहीतर वर्षभर कळलं नसतं."

बाईंनी हात वर केला. "म्हणजे हे ऐकतं."

"ऐकतं," माकोखा म्हणाला.

"मी वकिलांशी गाडीतूनच बोलते." त्या थांबल्या. "शाळेत भिंतींना कान आहेत म्हणून."

मटाटूचा मालक शेडच्या दारात आला, दोन्ही हात कानांवर ठेवून समाधानाने डुलला आणि अंगठा दाखवून गेला.

"पोलिसांत जायचं?" शिकुकूने विचारलं.

"जानेवारीत मी गेले होते. तक्रार घेणाऱ्याने आधी नकाशाची झेरॉक्स मागितली. दिली. आठ दिवसांत कुंपण चाळीस पावलं सरकलं."

"मग काढून टाकू. आत्ता काढतो. नाल्यात फेकतो."

माकोखा उत्तर देणार होता, पण त्याची नजर हातातल्या पुठ्ठ्यावर गेली. १०.०५, निगेटिव्ह काढला. तो तिथेच मटाटूच्या पायरीवर बसला. असल्या शेकडो डब्या त्याने बसवल्या होत्या आणि प्रत्येक मालकाला एकच गोष्ट अभिमानाने सांगितली होती: कोणी बॅटरी काढली तरी हिच्या पोटात छोटी बॅटरी आहे, ती लगेच तुमच्या फोनवर कळवते. वीज तोडली. अमुक वाजता. अमुक जागी.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

त्याने पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं. शिकुकूने घड्याळ बघितलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"तासभर," बाई म्हणाल्या.

"तसं नसेलही. बॅटरी आधी तीनदा उतरली, तेव्हाही निरोप गेलेच असतील. त्यांना वाटेल, हे चौथं."

"असेल, नसेल." बाईंनी चष्मा काढून स्कर्टच्या काठाने पुसला. "तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

अकरा वीसला शिकुकूचा फोन थरथरला. त्याने पडदा बघितला आणि फोन सापासारखा लांब धरला. "तोच आहे. राखाडी कोट."

"उचलू नकोस," माकोखा म्हणाला.

"उचला," बाई म्हणाल्या. "न उचलणं हेही उत्तरच असतं. बॅटरी मेली, नवी घालताय. गाडी गुरुवारी सकाळी सातला मी न्यायला येणार. एवढंच. जास्तीचं काही जोडू नका."

शिकुकूने मटाटूचा आवाज खाली आणला आणि फोन कानाला लावला. "हां बॉस... हो, इथंच आहे... मेली ना परत, जुनी बॅटरी, किती दिवस चालणार... नवी घालतोय... गुरुवारी. सातला येते म्हणाल्या... नाही हो, त्यांना काय कळतंय त्यातलं... बरं, बरं." त्याने फोन ठेवला. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, पण आवाज सरळ होता. मेहुणा इतकं सफाईदार खोटं बोलू शकतो हे माकोखाला ठाऊक होतं. दर सोमवारी उशिरा आला की तो असाच बोलायचा. आज मात्र ते ऐकताना माकोखाने त्याला निरखून पाहिलं.

"आता ती डबी होती तशी लावा," बाई म्हणाल्या. "फक्त बॅटरी उतरू देऊ नका. गाडी इथंच राहू दे. गुरुवारी सकाळी सातपर्यंत मी कुठे आहे हे त्यांना गाडीवरून कळतंय असं त्यांना वाटलं पाहिजे."

"आणि तुम्ही?"

बाईंनी पाइपचं टोपण फिरवलं. आतून पिवळट कापडी कागदाची गुंडाळी बाहेर काढली. ती त्यांनी मटाटूच्या सीटवर पसरली. निळ्या शाईत ओढा, चर्च, दोन वडाची झाडं, आणि मधे मोकळा चौकोन. पन्नास वर्षांत त्या कागदाला घडी पडलेली नव्हती. बाईंनी त्याची एक घडी घातली. नखाने दाबली. मग दुसरी. मग तिसरी. पाठ्यपुस्तकाएवढा झाल्यावर तो त्यांनी स्वेटरच्या आत सरकवला आणि कमरेला गुंडाळलेलं कापड घट्ट केलं. रिकाम्या पाइपला टोपण लावून तो माकोखाच्या हातात दिला. "मागच्या सीटवर होता तसा ठेवा. दिसेल असा."

"बाईंना मी सोडतो," शिकुकू म्हणाला. "माझी मोटरसायकल मागे आहे. एक जागा माहीत आहे मला."

माकोखाने त्याच्या हाताकडे पाहिलं. मेहुण्याच्या डाव्या हातावर काळ्या टेपचा डिंक चिकटलेला होता.

बाईंनी ते पाहिलं. माकोखाची नजर पाहिली. "माकोखा, मी कोणाबरोबर जाऊ? तुमच्याबरोबर? गाडी मग कोण करणार?" त्या शिकुकूकडे वळल्या. "तुमचं लग्न झालंय?"

"झालंय बाई. दोन मुली."

"शाळेत जातात?"

"मोठी जाते."

"चला मग," त्या म्हणाल्या.

"कुठे ते मला सांगू नका," माकोखा म्हणाला. "कोणी विचारलं तर माहीत नसलेलं बरं."

"दाजी, तुम्हाला तसंही काही सांगून ठेवलेलं लक्षात कुठं राहतं," शिकुकू म्हणाला, आणि कोणी हसलं नाही म्हणून त्याने हेल्मेट बाईंना दिलं. मागच्या पत्र्यांच्या फटीतून ते बाहेर पडले. मोटरसायकलचा आवाज माकोखाने ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकला. ती कुठल्या बाजूला वळली हे कळू नये म्हणून मग त्याने मटाटूचा आवाज पुन्हा वाढवला.

त्या दुपारी त्याने निळी वायर सोडवून आपल्या जागी नेली. डबी पिवळीवर एकटीच ठेवली. तो गाडीत एक शब्दही बोलला नाही. नेहमी तो काम करताना गुणगुणत असे. ते ऐकू गेलं नाही तर संशय येईल, असं मधेच त्याच्या मनात आलं आणि त्याने दोन ओळी गुणगुणल्या. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

बुधवारी शिकुकू कामावर आला नाही. शिकुकूची बायको नाफुला म्हणाली, गिलगिलला एक काम निघालं म्हणून तो सांगून गेला. "तुम्हाला नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल," माकोखा म्हणाला.

गुरुवारी सकाळी सहा पन्नासला त्याने यार्डाचं फाटक उघडलं तेव्हा बाहेर राखाडी रंगाची मोटार उभी होती. दोन माणसं उतरली. एकाचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. त्याने टोपी काढून नमस्कार केला, घरच्यांची खुशाली विचारली, पावसाबद्दल बोलला आणि मग म्हणाला, "गाथोनी बाईंची गाडी झाली?"

"झाली. तुम्ही?"

"शाळेच्या समितीचे. बाईंना कोर्टात सोबत म्हणून आलो. एकट्या बाईमाणसाने एवढी कागदपत्रं घेऊन जाणं बरं नाही."

"बरोबर आहे," माकोखा म्हणाला. "सातला येते म्हणाल्या."

"मग बसतो." ते बाकावर बसले. "तुमचा मेहुणा दिसत नाही?"

माकोखा हातातला पाना पुसत राहिला. शिकुकू आपला मेहुणा आहे हे त्याने या माणसाला सांगितलं नव्हतं. "तो कधी वेळेवर दिसलाय?" तो म्हणाला.

माणूस मनापासून हसला. "माझाही तसलाच आहे."

साडेसातला त्यांनी घड्याळ बघितलं. आठला बघितलं. "मुख्याध्यापिका आणि उशीर?" दुसरा म्हणाला. तो तोवर बोललाच नव्हता.

"न्जोरोहून यायचं म्हणजे," माकोखा म्हणाला. "रस्ता खणलाय."

आठ वीसला तुटक्या दाताचा माणूस उठून गाडीकडे गेला. काचेवर हाताचा आडोसा धरून त्याने आत पाहिलं. मागच्या सीटवर राखाडी पाइप होता. तो परत येऊन बसला, आणि या वेळी त्याने पाय लांब केले.

माकोखाने चहावालीला हाक मारली. सातपासून ती माणसं कधी जातील याची तो वाट बघत होता. आता त्याच्या ध्यानात आलं की आपण उलटं मोजतोय. ती इथे बसली आहेत याचा अर्थ बाई कुठे आहेत हे त्यांना माहीत नाही. ती उठली की मग भ्यायचं. त्याने तीन चहा सांगितले, तळलेल्या गोड मांडाझी सांगितल्या, अजून गरम आण म्हणून परत पाठवल्या. फुटबॉलवर बोलला. कुठल्याच संघाबद्दल त्याला फार माहिती नव्हती, म्हणून तो मुद्दाम चुकीचं बोलला आणि दुसऱ्या माणसाने त्याला सुधारलं, सविस्तर, गोल कोणी केला आणि कितव्या मिनिटाला यासकट. पावणेनऊ झाले. नऊ झाले. नऊला पुकारे सुरू होतात. माकोखाने घड्याळाकडे न बघता ते जाणलं. स्टँडवरची नऊची नैरोबी बस हॉर्न देत सुटली.

"अजून एकेक घ्या," तो म्हणाला.

"तुम्ही आम्हाला चहात बुडवणार," तुटक्या दाताचा म्हणाला. पण कप पुढे केला.

नऊ सव्वीसला त्याचा फोन वाजला. त्याने कानाला लावला आणि ऐकत राहिला. एकदाच बोलला. "कोण?" मग पुन्हा ऐकलं. चेहरा होता तसाच राहिला. फोन खिशात घालून तो उठला, दुसरा त्याच्या पाठोपाठ. अर्धवट राहिलेला चहा त्याने मातीत ओतला, कप नळावर विसळला आणि बाकाच्या कडेला उपडा ठेवला.

"बाई आल्या तर काय सांगू?" माकोखाने विचारलं.

"सांगा, भेटू."

राखाडी मोटार फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली. डावीकडे आठ मिनिटांवर कोर्ट आहे. तोच रस्ता पुढे गिलगिलला जातो, जिथे काम आहे म्हणून शिकुकू गेला होता. फोन बाई कोर्टात पोचल्याचा होता, की त्यांची लपायची जागा कळल्याचा, हे माकोखाला ठरवता येईना.

माकोखाने बाईंना फोन लावला. बंद होता. कोर्टाच्या खोलीत फोन बंदच ठेवायला लावतात. मग त्याने शिकुकूला लावला. तो वाजला, शेवटपर्यंत वाजला, आणि कोणी उचलला नाही. नऊ वाजून एकतीस मिनिटं झाली होती. त्याने पुन्हा लावला.